द्राक्षाची पेटी रॉटरडॅमला उघडते तेव्हा

नाशिक, सांगली, सोलापूरकडचा द्राक्ष बागायतदार वर्षानुवर्षे बांधावर येणाऱ्या व्यापाऱ्याला माल देत आला. व्यापारी बाग बघायचा, भाव ठरायचा, थोडी उचल हातात पडायची आणि उरलेल्या पैशांसाठी हेलपाटे सुरू व्हायचे. कित्येकांचे पैसे बुडाले. माल गाडीत चढला की विकणारा आणि घेणारा यांचा संबंध संपत असे.

निर्यातीत असे चालणारे नव्हते. १९९१मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या, राज्य कृषी पणन मंडळाने पाठबळ दिले आणि ‘महाग्रेप्स’ ही निर्यात संस्था उभी राहिली. बाग पिकवण्यात इथला शेतकरी तयार होता. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मण्यांची विरळणी हे सगळे त्याच्या हातात बसलेले होते. तोडणीनंतरचे जग मात्र अनोळखी होते. घड तोडल्यावर काही तासांत पूर्वशीतकरण, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, शून्य अंशाच्या आसपास तापमान आणि मग आठवडेच्या आठवडे समुद्रप्रवास. यातले एक काम जरी ढिले पडले, तरी युरोपात पेटी उघडताना देठ सुकलेले आणि मणी कुजलेले निघत. पहिल्या हंगामांत असे फटके बसले, काही संस्था बाहेर पडल्या. ज्या टिकल्या, त्यांच्या पॅकहाऊसमधल्या माणसांना पुढे घड हातात घेताच कळू लागले, की हा प्रवास सोसेल की नाही. आयातदारालाही कळत गेले, की कोणाच्या शब्दावर कंटेनर मागवावा.

पण अनुभव दगाही देतो. २०१०चा हंगाम हे त्याचे सर्वांत महागडे उदाहरण.

तोवर व्यवस्था चांगली बसली होती. केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने, म्हणजे ‘अपेडा’ने, २००६मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू केले होते. प्रत्येक बागेची नोंद, प्रयोगशाळेत तपासणी, पेटीवरून थेट शेतापर्यंत माग काढण्याची सोय. तरीही त्या वर्षी युरोपात द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. वेलीची शाकीय वाढ रोखून घड वाढवण्यासाठी बागायतदार हे संजीवक कित्येक वर्षे वापरत होते. इतकी वर्षे काही झाले नाही, हाच सगळ्यांचा भरवसा होता. इथल्या सक्तीच्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. तिकडची मर्यादा मात्र किलोमागे अवघी ०.०५ मिलिग्रॅम. निर्यातदारांचे कोट्यवधी बुडाले आणि शेतकरी-निर्यातदार यांच्यातल्या विश्वासाची खरी परीक्षा तेव्हा झाली. शेतकऱ्याला पैसे देणारे आणि हात वर करणारे, दोन्ही प्रकारचे निर्यातदार गावांनी पाहिले. पुढच्या हंगामात माल कुणाला द्यायचा, हे त्या आठवणीवर ठरले.

या तडाख्यात सापडलेल्यांत नाशिकचे द्राक्ष निर्यातदार विलास शिंदेही होते. २०११मध्ये त्यांनी दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत शेतकऱ्यांच्या मालकीची ‘सह्याद्री’ कंपनी उभी केली. बागेतली फवारणी, पॅकहाऊस आणि परदेशातला ग्राहक एका छत्राखाली आणण्यामागे २०१०चा धडा स्पष्ट दिसतो: नुकसान कोणाच्या माथी, हा प्रश्न माल निघण्याआधीच सुटलेला हवा. २०२२मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी या गटात सुमारे ३१० कोटी रुपये घातले. फवारणीच्या नोंदवहीची शिस्त, शेतमालकाची हिस्सेदारी आणि अनेक हंगामांचा व्यवहार हिशेबात धरल्याशिवाय एवढी रक्कम कोणी शेतीत टाकत नाही.