दोन हजार वारांचा हिशेब

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार आहे. ठाण उलगडायचे, दोन बोटांत पोत पाहायचा आणि भाव ठरवायचा. विणणारा समोर नसतो. त्याची ओळख मालावरूनच पटते. पण पैसा एका व्यापाऱ्याचा नसून हजारो वर्गणीदारांचा असेल, आणि काम करणारा दूरवरचा स्वयंसेवक असेल, तर ठाण कोणी उलगडायचे? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न काँग्रेसपुढे उभा राहिला, आणि त्याची सुरुवात याच शहरात झाली.

डिसेंबर 1920 च्या नागपूर अधिवेशनाने काँग्रेसला नवी घटना दिली. भाषावार प्रांत, गावापर्यंत पोहोचणाऱ्या समित्या आणि चार आणे वर्गणी ही तिची ओळख. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. पुढे काँग्रेसची तिजोरी त्यांच्याकडे आली. लगेच 1921 मध्ये बेझवाड्याला एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे असे लक्ष्य ठरले. फंड जमला. रुपयांची पावती फाडता येते; कार्यकर्त्याच्या निष्ठेची मात्र नाही.

जून 1924 मध्ये अहमदाबादच्या बैठकीत गांधींनी यावर उपाय सुचवला. प्रत्येक प्रतिनिधीने रोज अर्धा तास कातावे आणि दरमहा दोन हजार वार सूत खादी मंडळाकडे ठरलेल्या तारखेपर्यंत पाठवावे. सूत सारखे, चांगल्या पिळाचे आणि दहा नंबरपेक्षा जाड नसावे. योजना हुशारीची होती. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका सुताचा नंबर. म्हणजे दहा नंबरचे दोन हजार वार सुमारे सव्वानऊ तोळे भरतात. लांबी मोजा, तराजूत टाका, नंबर कळतो. पाहणीला माणूस पाठवण्याची गरज नाही. टपालाने आलेले पुडकेच साक्ष देते.

वाद पेटला तो दंडावरून. सूत न पाठवणाऱ्याचे पद जावे, या कलमाला मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांनी कडाडून विरोध केला व ते सहकाऱ्यांसह सभेतून निघून गेले. कलम मंजूर झाले, तरी गांधींनी ते मागे घेतले. उरलेल्यांच्या मतांवर गेलेल्यांना बांधणे त्यांना पटले नाही. ज्याला नियम मान्यच नाही, त्याच्याकडून हिशेब घेता येत नाही, हे त्यांनी त्या दिवशी ओळखले.

तरीही डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला सूत हीच सभासदत्वाची वर्गणी ठरली. तडजोड म्हणून एक वाट ठेवली गेली: आजारपण किंवा अनिच्छा असेल, तर दुसऱ्याने कातलेले तितकेच सूत चालेल. त्या वाटेने सगळा अर्थच निसटला. सूत मोजता येत होते, पण ते कोणाच्या हातचे हे तराजू सांगत नव्हता. मोजमाप शाबूत राहिले, ज्यासाठी मोजायचे ते हरवले. सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला चार आण्यांचा पर्याय परत आला आणि खादीच्या कामासाठी अखिल भारत चरखा संघ ही स्वतंत्र संस्था निघाली. ज्यांना सक्ती नको होती ते राजकारणात राहिले. ज्यांनी नियम आपणहून पत्करला ते संघात आले.

इथे कथा संपली असती, तर ती फक्त व्यवस्थेची ठरली असती. पण संघाचे खरे दूरस्थ कामगार सभासद नव्हते. गावोगावी सुताच्या मोबदल्यावर जगणाऱ्या कातणाऱ्या बाया होत्या. त्यांचे सूत तपासले जाई, नंबर लागे, मजुरी ठरे. संघाने त्यांना काय द्यायचे, हे मात्र कोणी तराजूत टाकत नव्हते. खादी स्वस्त राहावी म्हणून मजुरी तोकडी राहिली. 1935 मध्ये गांधींनी हा प्रश्न संघापुढे मांडला. आठ तासांच्या नीट कामातून अन्नवस्त्र भागेल इतकी मजुरी मिळावी, असा ठराव वर्ध्यात झाला. खादी महागेल, खप घटेल, ही भीती कार्यकर्त्यांनाच होती. शिवाय वाढीव मजुरीबरोबर कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी अशी अटही आली. म्हणजे देतानाही हिशेब मागितलाच गेला.

आज घरबसल्या काम करणाऱ्यांवर देखरेख कशी ठेवावी, लोकवर्गणीच्या प्रकल्पात कामाची खात्री कशी पटवावी, यावर पुष्कळ बोलले जाते. सुताच्या पुडक्याने त्यातला अर्धा प्रश्न सोडवला होता. उरलेला अर्धा 1935 साली समोर आला: ज्याच्याकडून आपण हिशेब घेतो, त्याला आपला हिशेब मागता येतो का? गांधीबागेत ठाण उलगडणाऱ्या बोटांना पोत कळतो. विणणाऱ्याच्या हाती किती पडले, हे कळण्यासाठी आजही वेगळे विचारावेच लागते.