एक वही, अनेक हात

कोणत्याही संस्थेची खरी स्मृती तिच्या दफ्तरात असते. इमारतीची कोनशिला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. पण कोणत्या साली कोण विद्यार्थी दाखल झाला, त्याची जन्मतारीख काय, त्याने फी किती भरली, त्याला शिष्यवृत्ती मिळाली की नाही, हे सांगणारे जनरल रजिस्टर आणि फीची खतावणी कपाटात बंद असते. संस्था लहान असते तोवर ही वही एकाच कारकुनाच्या हाती असते. संस्था वाढली की एक साधा प्रश्न उभा राहतो: एकच वही अनेकांनी एकाच वेळी कशी वापरावी?

वाचकहो, हा प्रश्न आपणांस कदाचित क्षुल्लक वाटेल. परंतु संगणकाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण ह्याच प्रश्नाभोवती लिहिले गेले आहे. आज कार्यालयातील चार टेबलांवर चार संगणक असतात, ते तारेने जोडलेले असतात आणि चौघेही एकाच माहितीकोशात, म्हणजे डेटाबेसमध्ये, नोंदी करीत असतात. ही सोय सहजासहजी हाती आलेली नाही. ती कशी आली, आणि ती नीट मांडली नाही तर काय हरवते, हे समजून घेणे प्रत्येक संस्थाचालकाच्या हिताचे आहे.

फिरते मेज आणि कार्डे

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकन एअरलाइन्स ह्या विमान कंपनीत आरक्षणाची नोंद कार्डांवर होत असे. एका गोल फिरत्या मेजावर प्रत्येक उड्डाणाची कार्डे लावलेली असत आणि भोवती सात-आठ कारकून बसलेले असत. मागणी आली की मेज फिरवायचे, कार्ड उचलायचे, खूण करायची आणि कार्ड परत ठेवायचे. ही पद्धत संथ होती, आणि मेजाभोवती माणसे बसून बसून किती बसणार, हीही तिची मर्यादा होती. परंतु तिच्यात एक मोठा गुण दडलेला होता. एकाने कार्ड उचलले की ते दुसऱ्याच्या हाती असूच शकत नसे. कागद स्वतःच स्वतःचे कुलूप होता.

ह्या कंपनीने आय.बी.एम.च्या साहाय्याने ‘सेबर’ नावाची संगणकीय आरक्षण व्यवस्था उभारली. न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे तिचे केंद्र होते आणि १९६४ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. दूरदूरच्या शहरांतील कारकून आता एकाच नोंदवहीत हात घालू लागले. मात्र येथेच नवी अडचण जन्मली. संगणकातील नोंद एकाच क्षणी दोघांनाही ‘उचलता’ येते. कागदाजवळ जे कुलूप आपोआप होते, ते यंत्रात मुद्दाम घडवावे लागले.

विचाराचा पाया

१९७० च्या जून महिन्यात आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड ह्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि तक्त्यातक्त्यांचे नाते सामाईक आकड्याने जोडावे, हे त्याचे सार. विद्यार्थ्याचा पत्ता दहा वह्यांत लिहिला तर तो बदलताना नऊ वह्या विसरल्या जातात. एका वहीत लिहिला आणि इतरत्र फक्त त्याचा रजिस्टर क्रमांक दिला, तर चुकीला वाव कमी राहतो. त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘अनेकांनी मिळून वापरावयाची’ माहिती असा उल्लेख होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कॉड ह्यांना १९८१ साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

त्याच प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली कुलपांचा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. कुलूप कशाला लावायचे? संपूर्ण वहीला लावले तर सुरक्षितता पुरी, पण बाकीचे कारकून हात जोडून बसणार. एकेका ओळीला लावले तर सर्वांना काम करता येते, पण कुलपांचा हिशेब ठेवण्यातच यंत्राची शक्ती खर्च होते. ह्या दोहोंत तोल साधणे म्हणजेच सामाईक डेटाबेसचे शास्त्र. जमा आणि नावे ह्या दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या तरच व्यवहार पुरा, नाहीतर तो झालाच नाही असे समजावे, हा आपल्या हिशेबनिसांचा जुना नियमही ग्रे ह्यांच्या संशोधनाने यंत्राच्या दुनियेत पक्का केला.

टेबलावरचा संगणक

हे सारे ज्ञान मोठ्या यंत्रांसाठी होते. लहान कार्यालयाला ते परवडणारे नव्हते. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि संगणक टेबलावर येऊन बसला. त्याच सुमारास पॅसाडिना येथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ ह्यांनी लिहिलेला कार्यक्रम ‘डीबेस टू’ ह्या नावाने ॲशटन-टेट कंपनीने विक्रीस आणला. रॅटलिफ ह्यांना फुटबॉलच्या सामन्यांवरील पैजांत आकडेमोडीसाठी साधन हवे होते. त्यातून जगभरच्या कारकुनांचे साधन निर्माण झाले. ज्याला संगणकशास्त्राचे शिक्षण नाही असा मनुष्यही स्वतःची नोंदवही स्वतः रचू लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हा संगणक एकटा होता. दोन टेबलांवर दोन यंत्रे म्हणजे दोन वह्या, आणि संध्याकाळी फ्लॉपी घेऊन एकीतले दुसरीत घालण्याची कसरत. यंत्रे जोडण्याची विद्या मात्र तयार होती. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील केंद्रात रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी ‘इथरनेट’ची कल्पना मांडली होती आणि डेव्हिड बॉग्स ह्यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली होती. १९८३ साली युटा राज्यातील नॉव्हेल कंपनीने ‘नेटवेअर’ आणले. त्यात एक यंत्र सर्वांच्या फाइली सांभाळी आणि इतर यंत्रे त्या तारेवरून मागून घेत. १९८४ साली डॉस ३.० ह्या आवृत्तीबरोबर ‘शेअर’ नावाची आज्ञा आली. तिच्यामुळे फाइलीच्या विशिष्ट भागाला कुलूप लावणे शक्य झाले. पाठोपाठ ‘डीबेस थ्री प्लस’ने संपूर्ण फाइलीला किंवा एका नोंदीला कुलूप लावण्याच्या आज्ञा दिल्या. मात्र कुलूप लावण्याची आठवण कार्यक्रम लिहिणाऱ्याने स्वतः ठेवायची होती.

चोराविना चोरी

ती आठवण राहिली नाही तर काय होते? आपण कल्पना करा. एका विद्यार्थ्याकडे ४०० रुपये फी येणे आहे. पहिल्या खिडकीवर त्याचे वडील २५० रुपये भरतात. त्याच मिनिटाला दुसऱ्या टेबलावरचा कारकून त्याची १५० रुपयांची शिष्यवृत्ती वळती करतो. दोघांच्याही पडद्यावर बाकी ४०० दिसते. पहिला वजाबाकी करून १५० लिहितो. क्षणभराने दुसरा आपली वजाबाकी करून २५० लिहितो. वहीत राहिले २५०. वास्तविक बाकी शून्य हवी. बापाने घाम गाळून भरलेले २५० रुपये कागदावरून नाहीसे झाले. दोन्ही कारकून प्रामाणिक, दोघांची वजाबाकी बरोबर, यंत्रही बिघडलेले नाही. चोर कोणीच नाही आणि चोरी मात्र झाली आहे! महिन्याभराने त्या मुलाचा दाखला ‘बाकी आहे’ म्हणून अडविला जातो, तेव्हा बापाच्या हातातील पावती खरी की संगणक खरा, असा वाद होतो. आणि अशा वादात गरीब माणूस नेहमीच हरतो. कुलपाचा प्रश्न तांत्रिक नसून न्यायाचा आहे, असे म्हणावयाचे ते ह्यासाठी.

ॲक्सेस आणि वाटणीचा नियम

नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ॲक्सेस’ प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्या कंपनीने ‘फॉक्सप्रो’ बनविणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनीही विकत घेतली. ॲक्सेसमध्ये तक्ते, नोंदीचे नमुने आणि अहवाल सारे एकाच फाइलीत असे, आणि कुलूप यंत्र आपोआप लावी. परंतु ते कुलूप ओळीला नसून २०४८ बाइटच्या पानाला लागे. एका पानावर अनेक लहान नोंदी मावत. त्यामुळे आपण ‘अब्दुल’ची नोंद उघडली की शेजारच्या ‘अनंता’चीही अडून राही. एकेका नोंदीचे कुलूप ॲक्सेस २००० ह्या आवृत्तीत आले. ग्रे ह्यांच्या निबंधातील विचार ॲक्सेस वापरणाऱ्या कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचायला सुमारे चोवीस वर्षे लागली.

ह्या व्यवस्थेची एक घडण नीट समजून घ्यावी. फाइल जरी मुख्य यंत्रावर असली, तरी शोधण्याचे आणि लिहिण्याचे काम प्रत्येक टेबलावरील यंत्रच करते. मुख्य यंत्र नुसते कपाट; पाने तारेवरून ये-जा करतात. म्हणून लिहिता लिहिता तार तुटली, तर पान अर्धवट राहून संपूर्ण फाइल बिघडू शकते. त्या काळच्या बारीक कोॲक्सियल तारेच्या जाळ्यात तर एका टोकाची टोपी कोणी काढली, तरी सारी यंत्रे मुकी होत.

अनुभवातून जाणकारांनी काही नियम बांधले. पहिला आणि सर्वांत मोठा नियम वाटणीचा: फाइलीचे दोन भाग करावेत. तक्ते तेवढे मुख्य यंत्रावर ठेवावेत; नमुने आणि अहवाल दुसऱ्या फाइलीत ठेवून तिची स्वतंत्र प्रत प्रत्येक यंत्रावर द्यावी. सत्य एकच असावे, खिडक्या अनेक. दुसरा नियम परवानगीचा: जो पहिल्यांदा फाइल उघडतो त्याच्या यंत्राकडून शेजारी एक कुलूपफाइल तयार होते आणि शेवटचा बाहेर पडला की ती पुसली जाते, म्हणून वापरणाऱ्या सर्वांना त्या फोल्डरमध्ये फाइल निर्माण करण्याचा व पुसण्याचा अधिकार हवा. नुसता वाचण्याचा अधिकार दिला की काम अडते. तिसरा नियम आवृत्तीचा: नमुन्यात बदल झाला तर नवी प्रत प्रत्येक टेबलावर पोचली पाहिजे. चौघांपैकी एक जरी जुन्या प्रतीवर राहिला, तरी गोंधळ ठरलेला. चौथा नियम राखणीचा: रोज नक्कल काढावी, आणि सर्वजण बाहेर पडल्यावर अधूनमधून फाइल आवळून दुरुस्त करावी.

आपल्याकडील वाटचाल

भारत सरकारचे नवे संगणक धोरण नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झाले, आणि त्यानंतरच्या दशकात डीबेस व फॉक्सप्रो आपल्या बँका, कारखाने, शासकीय कचेऱ्या ह्यांत शिरले. अडचण लिपीची होती. ह्या कार्यक्रमांना रोमन अक्षरांपलीकडे काही ठाऊक नव्हते. आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले ‘जिस्ट’ तंत्र येथे कामी आले. संगणकात जिस्ट कार्ड बसविले की त्याच कार्यक्रमांत देवनागरी नोंदी करता येत. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांचे राष्ट्रीय मानकही ठरले. पुढे ॲक्सेस २००० ने नोंदी युनिकोडमध्ये साठविण्यास आरंभ केला आणि त्यासाठी पानाचा आकार ४०९६ बाइट केला. म्हणजे ज्या आवृत्तीने ओळीचे कुलूप दिले, तिनेच मराठी आणि उर्दू नावांना त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत जागा दिली. नाव बरोबर लिहिले जाणे म्हणजे काय, हे ज्याच्या दाखल्यावर नावाचे वाकडे रूप छापले गेले आहे, त्याला विचारावे.

मर्यादा आणि बोध

कपाटाची ही पद्धत थोड्या माणसांसाठी आहे. कागदोपत्री २५५ जणांची मर्यादा असली, तरी पाच-पंचवीस माणसांपलीकडे ती सुखाने चालत नाही, आणि एका फाइलीला दोन गिगाबाइटची हद्द आहे. त्यापुढे दुसरी घडण घ्यावी लागते. ओरॅकल, एस.क्यू.एल. सर्व्हर ह्यांसारख्या व्यवस्थांत मुख्य यंत्र हे कपाट नसून दक्ष दफ्तरदार असते. आपण मागणी करायची, शोध त्याने घ्यायचा आणि केवळ उत्तर तारेवरून यायचे. तक्ते आधीच वेगळे ठेवले असतील, तर हा पालट सोपा जातो. सारे एकत्र ठेवणाऱ्याला मात्र घर पुन्हा बांधावे लागते.

फॉक्सप्रोच्या नव्या आवृत्त्या काढणार नसल्याचे २००७ साली जाहीर झाले आणि २०१५ मध्ये तिचा आधारही संपला. ॲशटन-टेट कंपनी तर १९९१ सालीच बोरलँडच्या हाती गेली होती. कार्यक्रम येतात आणि जातात. नोंदी मात्र राहिल्या पाहिजेत. पन्नास वर्षांपूर्वीचा विद्यार्थी आजही जन्मतारखेच्या दाखल्यासाठी शाळेच्या दारी येतो. त्याला ‘तो कार्यक्रम आता चालत नाही’ हे उत्तर देता येत नाही.

म्हणून, वाचकहो, आपल्या संस्थेत चार संगणक जोडले जातील तेव्हा उद्घाटनाच्या फितीबरोबरच चार प्रश्न विचारा. मूळ नोंद कोठे आहे? ती बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? दोघांनी एकदम हात घातला तर कुलूप लागते काय? आणि कालची नक्कल कोणाजवळ आहे? ह्यांची उत्तरे देऊ शकेल असा एक तरी मनुष्य कार्यालयात असला पाहिजे. दफ्तरातील प्रत्येक ओळ ही कोणाची तरी अमानत आहे. ती सांभाळण्याचे साधन बदलले, जबाबदारी बदललेली नाही.