गोठलेले भाडे

मुंबईतील चाळमालक आणि भाडेकरू यांच्यातील दुराव्याचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधण्याची प्रथा आहे. त्यापेक्षा एका तारखेकडे पाहावे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींना १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण भाडे ठरविले. युद्धोत्तर टंचाईत या संरक्षणाने असंख्य संसार तगले, हे निर्विवाद. पण भाडे गोठले तरी चुना-लाकडाचे भाव गोठले नाहीत. मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले; बेकायदा पागडी हाच उभयतांमधला खरा व्यवहार उरला. १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्तीचे काम सरकारी मंडळाकडे द्यावे लागले. गोठलेले भाडे कालौघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. १९९९ च्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढ आणि पागडी, दोन्ही मान्य केली. तोवर कित्येक सज्जांखाली लाकडी टेकू लागले होते.