तुटीपायी गहाण पडलेला मुलूख

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील आसेगाव ज्या वऱ्हाड प्रांतात मोडते, तो प्रांत १८५३ साली हैदराबादच्या निजामाच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात गेला, तेव्हा त्यासाठी एकही लढाई झाली नव्हती. हैदराबाद सरकारचा खर्च वर्षानुवर्षे वसुलापेक्षा अधिक होत गेला, ही तफावत म्हणजेच तूट कर्जाने भरून निघत राहिली, आणि कर्ज फिटेना तेव्हा धनकोने मुलूखच तारण म्हणून मागून घेतला. राज्याच्या जमाखर्चाचा इतिहास सहसा राजधानीच्या दप्तरातून लिहिला जातो. वऱ्हाडच्या बाबतीत मात्र तो गावाच्या शिवेपर्यंत आणून पाहावा लागतो.

सरकार रयतेकडून काय काय घेत असे, याच्या या भागातील सर्वांत जुन्या तपशीलवार पुराव्यांपैकी एक खुद्द वाशीमलाच सापडला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम ही ज्यांची राजधानी, त्या वाकाटक शाखेतील दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात, आपल्या राजवटीच्या ३७ व्या वर्षी, ब्राह्मणांना एक गाव दान दिले. त्या ताम्रपटातील वंशावळ संस्कृतात असली तरी व्यवहाराचा मजकूर प्राकृतात आहे. गावात शिपायांनी शिरू नये, मीठ खणू नये, सोने व धान्य घेऊ नये, फुले आणि दूध मागू नये, पाळीपाळीने गाई-बैल नेऊ नयेत, चामडे आणि कोळसा उचलू नये, मुक्कामासाठी खाटा मागू नयेत, अशा सवलती त्यात ओळीने दिलेल्या आहेत. ज्या गावांना ही माफी मिळाली नव्हती त्यांना काय काय सोसावे लागत असेल, ते ही यादी उलटी वाचली की कळते.

मोगलांनी १५९६ च्या सुमारास वऱ्हाड घेतल्यावर सुभ्याचे जे विभाग पाडले त्यांत वाशीमचे 'सरकार' होते. येथे सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून बनलेला महसुली विभाग. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादचे स्वतंत्र राज्य उभे राहिले, तरी वऱ्हाडचा सगळा वसूल त्याच्या पदरी कधी पडला नाही. नागपूरच्या भोसल्यांची चौथ म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे त्यावर आणखी दहावा हिस्सा आणि फौजेच्या घोड्यांच्या नावाने घासदाणा, असे करता करता त्यांचा वाटा ठिकठिकाणी शेकडा ६० पर्यंत चढला. एकाच गावावर दोन धनी, या दुअंमलाचा शेवट १८०३ च्या देवगावच्या तहाने सुरू झाला: भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि पुढच्या वर्षी कंपनीने तो निजामाला दिला. कागदावर पाहता हैदराबादचे उत्पन्न यानंतर वाढायला हवे होते.

ते खर्चाच्या बाजूने खाऊन टाकले. १८०० च्या तहानुसार निजामाने कंपनीची तैनाती फौज कायमची ठेवून घेतली होती आणि तिच्या खर्चापोटी म्हैसूरच्या टिपूकडून मिळालेले जिल्हेही कंपनीला देऊन टाकले होते. म्हणजे संरक्षणाची किंमत एकदा मोजून झाली होती. त्यानंतर रेसिडेंट म्हणजे दरबारातील कंपनीचा वकील हेन्री रसेल याच्या काळात आणखी एक फौज उभी राहिली, तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली गेली. तिचे अधिकारी इंग्रज, तिच्यावर हुकमत रेसिडेंटची, आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. युद्धाच्या वेळी कंपनीला कुमक देण्याचे कलम तहात होते, शांततेच्या काळात कायम फौज पोसण्याचे नव्हते. तरीही तिचा खर्च वर्षाला ४० लाखांच्या घरात गेला. हैदराबादच्या तुटीचे खापर दरबारी उधळपट्टीवर फोडण्याची चाल इंग्रजी दप्तरांतून रूढ झाली आणि उधळपट्टी होती हेही खरे, परंतु ज्या रकमेत काटछाट करणे निजामाच्या हातातच नव्हते, अशी सर्वांत मोठी रक्कम ही होती.

दर महिन्याला रोख पैसा हवा, आणि वसूल तर सुगीनंतर यायचा. या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत कारभार पाहणाऱ्या राजा चंदूलाल याने काढलेला मार्ग म्हणजे इजारा, अर्थात परगण्याचा वसूल गोळा करण्याचा मक्ता. इजारदाराने ठरलेली रक्कम, तीही बरीचशी आगाऊ, खजिन्यात भरायची आणि मग परगण्यातून जमेल तेवढे वसूल करायचे. वर्ष-दोन वर्षांत कोणी अधिक बोली लावली की पहिल्याचा मक्ता सुटे. किती दिवस आपण टिकू याची इजारदारालाच खात्री नसल्यामुळे विहीर, बांध, पडीक जमीन यांत पैसा घालण्याचे त्याला कारण नव्हते. तो देशमुखाला गाठी, देशमुख पाटील-पटवाऱ्याला आणि पाटील कास्तकाराला. ज्वारी अजून खळ्यावर आली नाही, कापूस वेचणीला आला नाही, तोच तगादा सुरू होई, आणि कास्तकार उभ्या पिकावर सावकाराकडून पैसे उचलून सारा भरी. सरकार सावकाराचे देणेकरी, इजारदार सावकाराचा देणेकरी आणि कास्तकारही सावकाराचा देणेकरी, अशी ही एकात एक अडकलेली कर्जे होती, आणि सगळ्यांचे व्याज शेवटी एकाच काळ्या जमिनीतून निघायचे होते. ज्याला ते झेपेना तो बैलजोडी घेऊन रातोरात दुसऱ्या परगण्यात निघून जाई. त्याची जमीन पडीक राही आणि पुढच्या इजारदाराच्या बोलीचा बोजा उरलेल्यांवर पडे.

सावकारांत सर्वांत प्रसिद्ध नाव पामर आणि कंपनी या पेढीचे. १८१४ साली सुरू झालेल्या या पेढीने कंटिंजंटच्या पगारासाठी शेकडा २४ च्या आसपास व्याजाने पैसा पुरवला, आणि १८२० साली तिचे ६० लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. पुढचा रेसिडेंट मेटकाफ याने पेढीच्या व्यवहाराला हरकत घेतली, तिचे देणे एकरकमी फेडण्याचे ठरले, आणि त्यासाठी पैसा कसा उभा केला हे पाहण्यासारखे आहे. आंध्र किनाऱ्यावरील उत्तर सरकार या जिल्ह्यांबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये पेशकश म्हणजे खंडणी देत असे. १८२३ साली तिचा हक्क कायमचा सोडण्याच्या बदल्यात निजामाच्या नावे १,१६,६६,६६६ रुपये धरण्यात आले. दरसाल ७ लाख व्याज शेकडा ६ दराने किती मुद्दलावर मिळेल, असा त्रैराशिकाचा प्रश्न सोडवला की नेमका हाच आकडा येतो. हिशोब चोख होता. फक्त मागची तूट बुजवण्यासाठी पुढची सगळी वर्षे विकली गेली, आणि कंटिंजंटचा खर्च होता तसाच चालू राहिला.

पामर गेले, तरी नवे सावकार आले. वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवण्याचा मोठा व्यापार १८२५-२६ च्या सुमारास सुरू करणाऱ्या आणि खामगावला रुईच्या गाठी बांधण्याचे दाब बसवणाऱ्या पेस्तनजी या पारशी पेढीला, सरकारला दिलेल्या उचलीच्या फेडीपोटी, चंदूलालने १८४१ मध्ये वऱ्हाडातील मोठ्या मुलखाचा वसूल लावून दिला. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाला तेव्हा खजिना रिकामा होता, आणि १८४५ मध्ये पेस्तनजींनाही वऱ्हाड सोडावे लागले. आता कंटिंजंटचा पगार खुद्द कंपनीच आगाऊ देऊ लागली आणि ती रक्कम निजामाच्या नावे कर्ज म्हणून चढत गेली. गव्हर्नर जनरल डलहौसीने हे कर्ज निकराने वसूल करायला घेतले. ही फौज सदैव पोसण्यास निजाम तहाने बांधलेला नाही, हे स्वतः डलहौसीनेही लेखी मान्य केले होते, तरी मागणी ढिली पडली नाही. आणि २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौला याने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा प्रदेश, मिळून सुमारे ५० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख, कंपनीच्या स्वाधीन केला. त्याच तहात कंटिंजंटचे बळ ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार आणि चार तोफखाने असे ठरले.

डिसेंबर १८६० च्या नव्या तहाने रायचूर आणि धाराशिव परत गेले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले, मात्र वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला. खर्च भागवून जो वाढावा म्हणजे शिल्लक उरेल तो निजामाला द्यावा, असे ठरले. याच वर्षी, १८५७ च्या धामधुमीने झालेली तूट भरण्यासाठी, अर्थखाते पाहणाऱ्या जेम्स विल्सनने हिंदुस्थान सरकारचा पहिला अर्थसंकल्प मांडून प्राप्तिकर आणला होता. म्हणजे वाढाव्याचा हिशोब ज्याने ठेवायचा तो हिशोबनीस स्वतःच पैशाच्या ओढाताणीत होता. किती खर्च 'आवश्यक' हे ठरवणे त्याच्याच हाती राहिल्यामुळे वाढावा पातळ निघे, आणि तरुण वयात दिवाण झालेल्या सालारजंगाने वऱ्हाड परत मिळवण्यासाठी केलेली खटपट १८८३ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत फळाला आली नाही.

गावात मात्र बदल झाला, आणि तो लहान नव्हता. इजारा बंद होऊन मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी पद्धत आली, म्हणजे सारा थेट कास्तकाराच्या नावे लागू लागला. मोजणीदार शेतात शिरे, शेताचे सारखे भाग कल्पून प्रत्येक ठिकाणी माती किती खोल आहे ते पाहून तिची प्रत ठरवी, खडी, चोपण किंवा उतार असेल तर खोट म्हणून प्रत उतरवी, आणि सगळ्याचा मेळ घालून त्या शेताचे मोल आण्यांत लिही. उत्तम काळी जमीन सोळा आणे. आकार म्हणजे साऱ्याची रक्कम तीस वर्षांसाठी ठरे आणि शेताला नंबर व दगडी खुणा मिळत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत गेलेली रेल्वे यांनी याच जमिनीचे उत्पन्न वाढवले. गहाण पडलेला मुलूख गहाणदाराच्या ताब्यात असताना भरभराटीला आला, हे हैदराबादचे दुर्दैव.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वाढावा संपला आणि वऱ्हाडच्या मदतकार्यावरचा खर्च पुन्हा हैदराबादच्या नावे कर्ज म्हणून लागला. त्या अडचणीत ५ नोव्हेंबर १९०२ रोजी निजाम महबूब अली खान आणि व्हाइसरॉय कर्झन यांच्यात करार झाला: वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडे, आणि सुरुवातीची काही वर्षे त्यातूनही कर्जाची कपात. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, आणि १८७५ मध्ये वाशीम, मंगरूळ व पुसद हे तालुके मिळून झालेला वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून वाशीम व मंगरूळ अकोल्याला गेले; तो जिल्हा पुन्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. पट्ट्यात आकडा लिहिला होता, भाववाढीचे कलम नव्हते. पहिल्या महायुद्धाने रुपयाची किंमत घसरली, शेताचा आकार फेरजमाबंदीने वाढवता येत होता, पण २५ लाख ते २५ लाखच राहिले. पुढचा निजाम उस्मान अली खान याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला, तो व्हाइसरॉय रीडिंगने १९२६ मध्ये नाकारला; १९३६ मध्ये निजामाला 'हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम' ही पदवी आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, आणि पट्ट्याची रक्कम एका रुपयानेही वाढली नाही.