चोविसाव्या शतकाची पंचवीस हजार रिळं

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका चोविसाव्या शतकात घडते. अमेरिकेत ती १९८७ ते १९९४ या काळात दाखवली गेली. तिचा डीव्हीडीवरचा एखादा भाग आज चांगल्या स्क्रीनवर लावला तर चोविसावं शतक बादलीत भिजवून वाळत घातल्यासारखं दिसतं. चेहऱ्यांच्या कडा विरघळलेल्या, लाल गणवेशाचा रंग शेजारच्या भिंतीवर ओघळलेला. मग त्याच भागाची ब्लू-रे आवृत्ती लावा. कॅप्टन पिकार्डच्या गणवेशाचं कापड कसलं असेल, याचा अंदाज करता येतो.

मी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला : हा जास्तीचा तपशील आला कुठून? तेव्हाच्या टीव्हीवर तो दिसतच नव्हता.

उत्तर सोपं आहे. कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म होती, सिनेमाला वापरतात तीच. तिच्या निगेटिव्हमध्ये आजच्या एचडीला पुरून उरेल इतका तपशील असतो. पण वर्षाला सव्वीसेक भाग काढायचे, प्रत्येकात अवकाशयानं उडवायची, आणि हे सगळं फिल्मवर जोडत बसायचं तर वेळ आणि पैसा दोन्ही पुरणार नाहीत. म्हणून फिल्म धुतली की ती लगेच व्हिडिओ टेपवर उतरवायची, आणि पुढचं सगळं, म्हणजे संकलन, इफेक्ट्स, श्रेयनामावली, टेपवरच करायचं असं ठरलं. त्या काळासाठी हुशारीचाच निर्णय होता तो. फक्त त्याचा अर्थ असा झाला, की मालिकेचा एकही पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. 'मूळ प्रत' म्हणजे एक टेप, आणि अमेरिकन टीव्हीच्या त्या टेपवर चित्राच्या जेमतेम ४८० ओळी.

गंमत म्हणजे १९६६ ते १९६९ मधली पहिली 'स्टार ट्रेक' या बाबतीत तिच्या वारसदारापेक्षा नशीबवान ठरली. ती फिल्मवरच कापली आणि जोडली गेली, कारण तेव्हा तीच रीत होती. त्यामुळे २००६ मध्ये ती नव्यानं स्कॅन करायला घेतली तेव्हा तयार भागांची निगेटिव्ह हाताशी होती. वीस वर्षांनी जुनी मालिका, पण तिला झळाळी देणं कितीतरी सोपं.

ब्रिटनमधलं उदाहरण तर आणखी मजेदार. 'डॉक्टर हू'चे त्या काळातले स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओवर चित्रित व्हायचे. बाहेरचे तेवढे फिल्मवर. १९७० ची 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' ही कथा करायच्या वेळी बीबीसीच्या स्टुडिओत कामगारांचा संप झाला, आणि नाइलाजानं सगळं चित्रीकरण बाहेर, १६ मिलिमीटर फिल्मवर करावं लागलं. २०१३ मध्ये ती खऱ्याखुऱ्या एचडीत ब्लू-रेवर आली. तिच्या आगेमागे व्हिडिओवर झालेल्या कथांच्या नशिबात हे नाही. संपानं एक कथा वाचवली म्हणायची.

'नेक्स्ट जनरेशन'साठी मात्र मालिका अक्षरशः पुन्हा जोडावी लागली. सीबीएसनं पंचवीस हजारांवर रिळं बाहेर काढली. एकेका शॉटचा वापरलेला टेक त्यातून शोधायचा, स्कॅन करायचा आणि जुन्या टेपशी ताडून नेमका त्याच जागी कापायचा. असे १७८ भाग.

इफेक्ट्सचं काम याहून किचकट. एंटरप्राइज यानाचं मॉडेल कॅमेऱ्यासमोर एकदाच फिरवून भागत नसे. एका फेरीत यानाच्या अंगावरचा प्रकाश, दुसऱ्या फेरीत फक्त खिडक्यांतले दिवे, तिसरीत इंजिनांचा उजेड. असे थर वेगवेगळे फिल्मवर घ्यायचे आणि मग टेपवर एकात एक बसवायचे. हे थर बहुतांश टिकले होते, म्हणून ते नव्यानं, या वेळी एचडीत, एकत्र करता आले. फेझरचे किरण मात्र जन्मापासून व्हिडिओवरचेच. त्यांची फिल्म नव्हतीच. ते पुन्हा बनवावे लागले. बरेचसे ग्रहही.

इथे एक मोह असतो. बनवतोच आहोत तर आणखी भारी बनवू. २००६ मध्ये पहिल्या मालिकेचं तेच झालं : जुन्या मॉडेलच्या जागी संगणकावरचं गुळगुळीत यान आलं. (पुढे ब्लू-रेवर जुने इफेक्ट्स निवडायची सोय दिली, हे बरं केलं.) 'नेक्स्ट जनरेशन'च्या मंडळींनी काही मोजके अपवाद सोडले तर हात आवरता ठेवला. मला हाच मार्ग पटतो. १९८७ च्या माणसांना भविष्य कसं दिसत होतं हे मला पाहायचं आहे. ते आजच्या संगणकाला कसं दिसतं, ते पाहायला आजच्या मालिका आहेत.

त्यामुळे झाकलेलंही उघड्यावर आलं. नियंत्रणफलकांवर दिव्यांचं प्रतिबिंब पडू नये म्हणून चिकटवलेले काळ्या पुठ्ठ्याचे तुकडे आता स्वच्छ दिसतात. इंजिन रूममधल्या यानाच्या भल्यामोठ्या आकृतीत कलाकारांनी गमतीत एक बदक काढून ठेवलं होतं. टीव्हीवर ते कुणाला दिसेल असं त्यांना वाटलंच नसणार. पॉज करून बघा.

२०१२ ते २०१४ मध्ये सातही सीझन बाजारात आले. काम अप्रतिम होतं, पण वेळ चुकली होती. लोक तोवर डिस्क विकत घेणं सोडून स्ट्रीमिंगकडे वळले होते आणि विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. त्याचा फटका धाकट्या भावंडांना बसला. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' याही फिल्मवर चित्रित आणि टेपवर जोडलेल्या. पण त्यांच्या उत्तरार्धात मॉडेलची जागा संगणकावरच्या यानांनी घेतली, आणि ती टीव्हीच्या ४८० ओळींपुरतीच रेंडर केलेली. त्यांना निगेटिव्ह नाही. जुन्या फायली सापडल्या तर ठीक, नाहीतर यानं पायापासून बांधा.

फायली नसल्या की काय होतं ते 'बॅबिलॉन ५'नं दाखवलंय. १९९३ च्या तिच्या पायलट भागाचे इफेक्ट्स अमिगा संगणकांवर झाले होते, टीव्हीसाठी तेव्हा ती क्रांतीच होती. २०२१ मध्ये मालिका फिल्मवरून नव्यानं स्कॅन होऊन आली. माणसं बोलत असतात तोवर चित्र काचेसारखं, आणि कॅमेरा अवकाशात गेला की धुकं. कारण इफेक्ट्सचे शॉट्स जुन्या चित्रावरूनच मोठे केलेले.

'एआयला सांगा ना मग', असं कुणीतरी म्हणतंच. 'डीप स्पेस नाइन'च्या चाहत्यांनी ते करूनही पाहिलंय. लांबून बरं दिसतं. पण ४८० ओळींच्या चित्रात जी सुरकुती नाहीच, ती एआय शोधून आणत नाही. तिथे काय असू शकेल ते रंगवतं. जवळून पाहिलं की ओळखीचे चेहरे मेणाचे होतात. आणि खरी सुरकुती निगेटिव्हवर असताना तिचा अंदाज का बांधायचा, हे मला कळत नाही.

या मालिकेवर 'व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड' नावाचा माहितीपट २०१९ मध्ये आला. चाहत्यांच्या वर्गणीतून जमलेल्या पैशातला काही भाग जुनी निगेटिव्ह स्कॅन करण्यावर खर्च झाला. 'सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स' या भागातल्या लढाईचा काही अंशही नव्यानं रेंडर करून त्यात घातलाय. शेकडो यानं, प्रत्येकाच्या अंगावरचा एकेक पत्रा वेगळा दिसतो. माहितीपटात असं एचडी चित्र आहे साधारण वीस मिनिटं. 'डीप स्पेस नाइन'चे एकूण भाग १७६.