खोपोलीचा गव्हर्नर आणि ७४१

वळवण, लोणावळा व शिरवटा या तलावांचें पाणी खंडाळ्याच्या साठवणींतून घाट उतरून खोपोलीस जातें, हें मावळांतल्या शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. टाटांच्या या योजनेची कोनशिला १९११ सालीं बसली व १९१५ सालीं तिची वीज मुंबईस पोंचली. परंतु पाणी पडलें म्हणजे काम झालें असें नव्हे. गिरण्या सुरू झाल्या कीं चाक मंदावणार, थांबल्या कीं पिसाट सुटणार. म्हणून गव्हर्नर हवा. तो स्वतः वीज काढीत नाहीं. ठरलेली गति व प्रत्यक्ष गति यांतला फरक पाहून पाण्याची धार कमीअधिक करावयाची, एवढेंच त्याचें काम. तेंहि बेतानें; उंचावरून येणारें पाणी एकदम कोंडलें तर त्याच्या धक्क्यानें नळ फुटावयाचा.

फरक पाहून चूक सुधारण्याची ही रीत हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन एंजिनियरानें १९२७ सालीं विजेच्या वर्धकांस लाविली. पुढें निर्वात नळ्यांचे ऑप-ॲम्प झाले. १९६५ सालीं बॉब विडलर यांचा ७०९ आणि १९६८ सालीं डेव्ह फुलागर यांचा ७४१ हे नखाएवढे तुकडे फेअरचाइल्ड कंपनीनें बाजारांत आणिले. ७४१ मधून फार तर पंचवीस मिलिअँपियर प्रवाह मिळतो. असें असतां त्याच्यावर दहा अँपियरचे दाबनियामक चालतात, हें ऐकून वाचक हंसतील. पण खोपोलीचा गव्हर्नर तरी कोठें गिरणी ओढीत होता? भार वाहतात ते २एन३०५५ सारखे जाडजूड ट्रान्झिस्टर. ऑप-ॲम्प फक्त प्रमाणदाबाशीं ताळा पाहतो व मधल्या ट्रान्झिस्टरकरवीं त्यांस हुकूम देतो.

जुना तुकडा मंद आहे, ही तक्रार आम्हांस या कामापुरती पोकळ वाटते. जुन्या मांडणींत त्याच्या जागीं चपळ नवा बसवावा, तर पुष्कळदां सारें मंडल थरथरूं लागतें. कारण जाड ट्रान्झिस्टर त्याच्या चपळाईस पुरे पडत नाहींत, आणि सुधारणा उशिरां पोंचून चूक वाढवितात. ७४१ च्या पोटांत तीस पिकोफॅरडचा कॅपॅसिटर मुद्दाम घातला आहे, तो हा उतावळेपणा आवरण्यासाठींच.

त्याचा खरा दोष निराळा. पुरवठ्याच्या दोन्ही कांठांशीं तो आंधळा असतो. बारा व्होल्ट बाहेर हवे असल्यास दोन ट्रान्झिस्टरांचे दीड व त्याच्या स्वतःच्या मोकळिकीचे सुमारें दोन धरून त्यास निदान सोळा व्होल्ट पुरवावे लागतात. जाणते कारागीर त्याला वेगळा लहानसा पुरवठाच देत.

भार एकाएकीं वाढला, तर एका मायक्रोसेकंदांत अर्धा व्होल्टच हलणारा हा राखणदार सांवरेपर्यंत प्रवाह पुरवितो तो शेवटचा मोठा कॅपॅसिटर, जशी तलावाचें पाणी येऊन पोंचेपर्यंत खंडाळ्याची साठवण.