फक्त १६५ प्रयोगांत बंद पडलं, तरी ‘हाऊस ऑफ फ्लॉवर्स’ आजही का आठवलं जातं?

३० डिसेंबर १९५४. न्यूयॉर्कच्या अल्विन थिएटरमध्ये एका नव्या ब्रॉडवे म्युझिकलचा पडदा उघडला. रंगमंचावरचे बहुतेक कलाकार कृष्णवर्णीय होते आणि कथा घडत होती कॅरिबियनमधल्या हैती देशात. जेमतेम पाच महिन्यांत, १६५ प्रयोगांनंतर ते बंद झालं. ब्रॉडवेच्या हिशोबात हे अपयशच. पण त्यातल्या कलाकारांची यादी बघितली की चक्रावायला होतं.

गोष्ट काय होती?

लेखक ट्रुमन कपोटी १९४८ मध्ये हैतीला गेले होते. तिथल्या अनुभवावर त्यांनी आधी कथा लिहिली आणि मग हे नाटक. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये मादाम फ्लर आणि मादाम टँगो या दोघींचे एकमेकींशी स्पर्धा करणारे कुंटणखाने असतात. फ्लरच्या घरातली ओटिली डोंगरातल्या रॉयलच्या प्रेमात पडते. फ्लरला मात्र तिला एका श्रीमंत माणसाच्या गळ्यात बांधायचं असतं. संगीत होतं ‘ओव्हर द रेनबो’वाल्या हॅरॉल्ड आर्लेन यांचं.

पडद्यामागे काय घडलं?

दिग्दर्शक होते पीटर ब्रूक. हो, तेच, ज्यांनी पुढे १९८५ मध्ये ‘महाभारत’ रंगमंचावर आणलं. नृत्यदिग्दर्शन जॉर्ज बॅलन्शाइन यांच्याकडे होतं, पण फिलाडेल्फियातल्या पूर्वप्रयोगांदरम्यान ते बाहेर पडले आणि हर्बर्ट रॉस आले. ऑलिव्हर मेसेल यांच्या नेपथ्याला टोनी पुरस्कार मिळाला.

वाद्यवृंदात स्टीलपॅनही होता. तेलाच्या पिंपांपासून तयार झालेलं हे वाद्य तेव्हा ब्रॉडवेला नवंच होतं. गंमत म्हणजे स्टीलपॅन हैतीचा नाही, त्रिनिदादचा! ब्रॉडवेने कॅरिबियन बेटं अशी सरमिसळ करूनच दाखवली.

मग प्रश्न कुठे आहे?

लेखक, संगीतकार, दिग्दर्शक, नेपथ्यकार सगळे गोरे. कृष्णवर्णीय कलाकारांच्या वाट्याला आला कुंटणखाना आणि ‘रंगीबेरंगी’ बेट. पण त्या काळात ब्रॉडवेवर त्यांना संधीच मोजक्या मिळायच्या. त्यामुळे मिळालेल्या जागेचं त्यांनी सोनं केलं.

पुढे कोण कुठे पोहोचलं?

पर्ल बेली (मादाम फ्लर) आणि जुआनिटा हॉल (मादाम टँगो) आधीच नावाजलेल्या होत्या. हॉल यांना १९५० मध्येच टोनी मिळाला होता. ओटिली झालेल्या डायाहॅन कॅरोल तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. १९६२ मध्ये म्युझिकलमधल्या प्रमुख भूमिकेसाठी टोनी जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरल्या.

नर्तकांमधल्या अल्विन एली यांनी १९५८ मध्ये स्वतःची नृत्यसंस्था काढली. ती आजही जगभर प्रयोग करते. त्रिनिदादहून आलेले जेफ्री होल्डर आणि नर्तिका कार्मेन द लाव्हालाड यांची भेट याच नाटकात झाली आणि १९५५ मध्ये त्यांनी लग्न केलं. होल्डर यांनी १९७५ मध्ये ‘द विझ’साठी दोन टोनी जिंकले, एक दिग्दर्शनाचा आणि एक वेशभूषेचा.

तोवर चित्र पालटलं होतं. १९५४ मध्ये त्रिनिदादचा हा कलाकार दुसऱ्यांनी आखलेल्या कॅरिबियनमध्ये नाचत होता. वीस वर्षांनी संपूर्ण कृष्णवर्णीय कलाकारांच्या नाटकाचा दिग्दर्शक तोच होता.